एकच माती, निराळी अंगं

मार्गशीर्षातली पहाट, पावणेपाच. गल्लीत गारठ्यानं कुत्री अंग मुडपून पडली आहेत आणि तालमीत पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा वाफेनं भरतात. पंचवीसेक पोरं लंगोट कसून फरशीवर ओळी धरून बैठका मारताहेत. बोलणं नाही. टाचा उचलल्या-टेकल्याचा आवाज, नाकावाटे सुटणारे श्वास, आणि कोपऱ्यातून एकाचाच मोठ्यानं आकडा. कुस्तीच्या हौद्यापलीकडे मारुतीपुढे समई तेवते आहे. ताक, लिंबू, हळद आणि तेल जिरवलेल्या लाल मातीचा वास साऱ्या खोलीत भरला आहे.

शाहू महाराजांनी या शहराला कुस्तीचं वेड लावलं, १९१२ साली खासबागेचं मैदान बांधून दिलं. त्या काळातल्या, काही त्याच्याही आधीच्या, अशा तालमी कोल्हापूरच्या पेठापेठांत अजून चालू आहेत. ही त्यांतलीच एक, फारसं नाव नसलेली.

वस्ताद दाराशी उभे आहेत. कान मोडलेले, गळ्याला मफलर, वय साठीपलीकडे. "कोण किती मारतोय ते मी बघत न्हाई सर," ते हळू आवाजात मला सांगतात, "शेवटची कशी मारतोय तेवढं बघतो."

मीही मग शेवटची बैठक बघू लागतो. आकडा दोनशेच्या पुढे जातो तशी ओळ मोडायला लागते. कुणाची टाच जमिनीला लागते, कुणाची कंबर आधी वर येते आणि गुडघे मागून. एकाच्या मांड्या थरथरतात, पण तो थांबत नाही. शेजारचा धडधाकट गडी, मानेनं त्याच्या दुप्पट, दोनशे वीसला भिंत धरून उभा राहतो आणि छाती भात्यासारखी हलताना खाली बघत राहतो. वस्ताद त्याला काहीच बोलत नाहीत. "त्येचं काम येगळं हाय," एवढंच म्हणतात.

ओळीच्या टोकाला एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. राधानगरीकडून दसऱ्यानंतर आला. आला तेव्हा साठ बैठकांत पाय सोडून द्यायचा. आज अडीचशे ओलांडून गेला. बैठका संपताच वस्ताद त्याला बोलावतात, खांद्यावर जोडीदार देतात. मुलगा मान ताठ ठेवून, सत्तर किलोचा तो भार घेऊन दहा वेळा खाली बसतो आणि उठतो. वस्ताद कोनाड्यातून शिंप्याची टेप काढतात, मांडीचा घेर मोजतात आणि एका जुन्या वहीत लिहितात. वही ते मला दाखवतात. आल्या दिवशीचा घेर आणि आजचा घेर यांत फरक आहे तो बोटाच्या पेराएवढाही नाही.

मग एवढं बळ आलं कुठून? मला ही वही बघून आनंद होतो, कारण १९७९ साली मोरितानी आणि डी व्रीस यांनी प्रयोगशाळेत मांडलेली गोष्ट इथं शिंप्याच्या टेपनं मोजली जाते आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मांसातून येत नाही, चेतासंस्थेतून येते. मज्जारज्जूतल्या प्रत्येक चालक चेतापेशीच्या हाताखाली स्नायूतंतूंचा एक गट असतो. हलक्या कामाला छोटे गट आधी लागतात, भार वाढला की मोठे गट. नवख्या शरीराला मोठे गट पुरेसे आणि वेळेवर कामाला लावता येत नाहीत. आमच्याकडे उसानं भरलेली ट्रॉली चिखलात रुतते तेव्हा दहा माणसं असून भागत नाही. एका हाकेसरशी दहाही खांदे एकदम लागावे लागतात. या मुलाच्या मांडीत माणसं होतीच, हाक नव्हती. ती या दोन-अडीच महिन्यांत तयार झाली. मांस आता पुढे चढेल, सावकाश.

बैठकांचा आकडा वाढला त्याचं कारण मात्र थोडं निराळं आहे. खांद्यावर माणूस घेऊन दहा वेळा उठणं आणि रिकाम्या खांद्यानं अडीचशे वेळा उठणं, या दोन कामांना शरीर दोन वाटांनी उत्तर देतं. दुसऱ्या कामात तंतूंमधली मायटोकॉन्ड्रिया वाढतात. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार होते ती यांच्यात. जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली उंदरांना कित्येक आठवडे पट्ट्यावर पळवून हे दाखवलं: त्यांच्या स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली होती. तंतूंभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागतं. हे सगळं टेपला कळत नाही. ते शेवटच्या बैठकीत दिसतं.

गेल्या आठवड्यात आलेला आणखी एक पोरगा हौद्याच्या तीन पायऱ्या आडवा होऊन, भिंतीला हात लावत उतरतो आहे. बाकीचे हसतात. "मांड्या भरल्यात त्येच्या," एकजण म्हणतो, "ॲसिड साठलंय." हा समज सगळीकडे आहे, जिममध्येही आणि शाळेच्या मैदानावरही. ज्याला हे ॲसिड म्हणतात ते, मेहनतीनंतर रक्तात वाढलेलं लॅक्टेट, साधारण तासाभरात उतरतं. दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं. हे दुखणं मुख्यतः खाली बसताना, म्हणजे स्नायू ताणला जात असताना त्यानं भार धरल्यामुळे येतं. त्यात तंतूंच्या आतल्या बारीक रचनेला इजा होते, मग तिथं सूज आणि दुरुस्ती. दुरुस्त झालेला स्नायू पुढच्या वेळी तेवढ्या कामाला दुखत नाही.

वस्ताद या पोराला आज बैठका लावत नाहीत, माती उकरायलाही लावत नाहीत. नुसतं दोराला लटकायला सांगतात. पूर्वी इथं पहिल्याच दिवशी पाचशेचा आकडा घालायची रीत होती म्हणे. "चौथ्या दिशी पोरगं घरी पळायचं. एकाला तर लघवी काळी झाली, दवाखान्यात न्यावं लागलं. तवापास्नं बंद केलं." हे मला ठळकपणे लिहायचं आहे. सवय नसलेल्या शरीरावर शेकडो बैठका लादल्या की तंतू फुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं, लघवी चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला, भरतीच्या प्रत्येक प्रशिक्षकाला हे ठाऊक असलं पाहिजे. लघवीचा रंग बदलला तर त्याच दिवशी डॉक्टर.

साडेपाच. दोघं खोरं घेऊन हौदा उकरतात. हेही मेहनतीत धरलेलं काम आहे: कंबर, पाठ आणि पंजा. माती भुसभुशीत झाली की एकेक जोडी उतरते, मातीला हात लावून कपाळाला लावते, शड्डू ठोकते.

माझं लक्ष एका जोडीवर खिळतं. दोघं शिरोळ तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच वर्षी तालमीत आले, एकाच खोलीत राहतात, एकाच पातेल्यातलं खातात. वजनं दोन किलोच्या आत-बाहेर. ओळखायला म्हणून एकाला थोरला म्हणू, दुसऱ्याला धाकटा. वयात चार महिन्यांचाच फरक आहे.

हात भिडतात आणि पापणी लवायच्या आत थोरला पट काढतो. धाकटा कसाबसा पाय सोडवून पालथा पडतो, चिवटपणे माती धरतो. थोरला वर चढून घिस्सा मारायला बघतो. खालचा दबला आहे, पण उलटत नाही. उठतात, पुन्हा भिडतात, पुन्हा थोरल्याचीच झेप, या वेळी ढाक. धाकटा हवेत जातो आणि खांदा टेकता टेकता कुशीवर येतो. पहिली दोन-तीन मिनिटं सगळा खेळ एकाच बाजूनं चालला आहे.

आता थोरल्याचं तोंड उघडं आहे. हात धाकट्याच्या मानेवर आहेत, पण दाबत नाहीत, टेकलेत. धाकट्याचा चेहरा पहिल्या मिनिटाला होता तसाच. तो पुढे पुढे सरकत राहतो, मानेवर वजन टाकत राहतो, काही विशेष करत नाही. सात-आठ मिनिटं होतात. थोरला पुन्हा पटात शिरू बघतो. पाऊल पडतं, पण उशिरा. धाकटा त्याच्या मागे जाऊन कब्जा घेतो, पायात पाय घालून त्याला मातीवर बसवतो. वस्ताद टाळी वाजवून सोडवतात.

हे दोघं मिळून एक सबंध धडा आहेत. पहिल्या झेपेला लागणारी ऊर्जा स्नायूत तयार साठवलेली असते, क्रिएटिन फॉस्फेटच्या रूपात. ती काही सेकंदांची शिदोरी. मग साखर झटपट फोडून मिळणारी ऊर्जा. त्यानंतर मोठा भार प्राणवायूवर चालणाऱ्या सावकाश व्यवस्थेवर येतो. थोरल्याचा पहिला टप्पा जबर आहे, धाकट्याचा शेवटचा. तंतूही दोन मुख्य जातींचे असतात. संथ तंतू लालसर, मायटोकॉन्ड्रियांनी भरलेले, कमी जोराचे पण न दमणारे. चपळ तंतू झटक्यात जोर लावणारे आणि लवकर थकणारे. सर्वसाधारण माणसाच्या मांडीत दोन्ही अर्धेअर्धे सापडतात, पण माणसामाणसांत हे प्रमाण फार बदलतं. नामांकित लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये संथ तंतूंचा भरणा, शंभर मीटरवाल्यांमध्ये चपळांचा. या दोघांच्या मांडीतला तुकडा कुणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला नाही. तरी मी पैज लावीन.

मेहनतीनं जात बदलते का? थोडी. चपळांमधले अगदी लवकर थकणारे तंतू सरावानं दमदार चपळांकडे सरकतात. संथ तंतू चपळ करून घेणं मात्र फार अवघड. थोरल्याला दम भरता येईल, धाकट्याला डाव लवकर टाकायला शिकवता येईल, पण दोघांना एकमेकांसारखं करता येणार नाही.

थोरला हौद्याच्या कडेला बसून धापा टाकतोय. "दम न्हाई पुरत वस्ताद," तो म्हणतो. आवाज रडवेला आहे. त्याला वाटतं की आपण मेहनतीत कमी पडतो. मला त्याला सांगावंसं वाटतं की एकोणीसशे नव्वदच्या दशकात अमेरिका आणि कॅनडात क्लोद बुशार यांच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासात शेकडो लोकांना, घरच्या घरी नव्हे तर देखरेखीखाली, वीस आठवडे मोजून-मापून एकच व्यायाम दिला होता. सरासरीनं त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला साधारण चारशे मिलिलिटरनं वाढली. पण काहींची एक लिटरच्या घरात वाढली आणि काहींची जवळजवळ वाढलीच नाही. हा फरक आळसाचा नव्हता. एकाच घरातली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देत होती. फरकाचा जवळपास अर्धा भाग रक्ताच्या नात्याकडे बोट दाखवत होता. ज्यांना एका मापाचा फायदा झाला नाही त्यांना माप वाढवल्यावर, प्रकार बदलल्यावर होतो, हेही पुढे दिसलं आहे. म्हणून "तू मेहनत करत नाहीस" हे वाक्य वस्तादानं फार जपून वापरायला हवं. हे वस्ताद ते वापरत नाहीत.

वारशाच्या गोष्टीतलं आणखी एक सांगतो, कारण त्यावरून पालकांना फसवलं जातं. चपळ तंतूंमध्ये अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रथिन असतं. जगातल्या साधारण सहा माणसांत एकाच्या शरीरात ते तयारच होत नाही, आणि त्यानं काही आजार होत नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना नामांकित वेगवान धावपटूंमध्ये अशी माणसं फारच कमी आढळली. लगेच मुलांच्या थुंकीची तपासणी करून त्यांनी कोणता खेळ खेळावा हे सांगणारे निघाले. एकेका जनुकाचा ओढा फार लहान असतो. मुलाचा खेळ त्यावरून ठरवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. या हौद्यात दहा मिनिटं उभं राहिलं तर त्याहून जास्त कळतं.

वस्ताद थोरल्याशेजारी उकिडवे बसतात. "तुला मॅटवर घालायचं ठरलंय. सहा मिन्टांची कुस्ती हाय तिथं. ह्येला मातीत ठेवायचं." यात फार शहाणपण आहे. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, आणि गुणांवर निकाल. मातीत गावच्या यात्रेला कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते. अर्धा अर्धा तास पोरं गुंतून राहतात. एकाच खेळाचे हे दोन नियम दोन वेगळी शरीरं मागतात. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरच्या मातीतून आले. १९४८ला लंडनला ते मॅटवर लढून सहावे आले, आणि १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या चार वर्षांत केवढी नवी घडण त्या देहानं केली असेल, याचा विचार मी इथं आलो की नेहमी करतो.

सात वाजतात. उन्हाची तिरीप कौलांतून हौद्यात उतरते. हात गळ्यात अडकवलेला एक बावीस वर्षांचा पैलवान येतो. महिन्यापूर्वी डावा खांदा निखळला. तो बसून राहत नाही. उजव्या हातात करेल, म्हणजे जड मुद्गल, घेतो आणि फिरवू लागतो. मी विचारल्यावर म्हणतो, "वस्ताद म्हणत्यात, ह्यो हात चालता ठेवला की त्यो लई पडत न्हाई." बरोबर आहे. एका हाताला व्यायाम दिला की न हललेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद थोडी वाढते, हे येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ साली नोंदवलं. पुन्हा चेतासंस्थेचीच करामत. प्लॅस्टरमध्ये हात अडकलेल्या रुग्णांसाठी आता ते मुद्दाम वापरलं जातं.

त्याच्यामागे पोलीस भरतीची तयारी करणारा एकजण वजनाच्या दांड्याखाली उभा आहे. सकाळी सोळाशे मीटरच्या फेऱ्या, मग लढत, संध्याकाळी वजन. तक्रार अशी की महिनाभर दांड्यावरचं वजन वाढतच नाही. रॉबर्ट हिकसन यांनी १९८० साली दहा आठवडे हेच पाहिलं होतं. एका गटाला फक्त वजनं, एकाला फक्त दमाचं काम, एकाला दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातेक आठवडे फक्त वजनं उचलणाऱ्यांबरोबर वाढली, मग थांबली, शेवटी घसरू लागली. साध्या माणसानं चालावं आणि वजनंही उचलावीत, त्याला काही होत नाही. पण दोन्ही टोकाला नेली की शरीर एकाच्या वाट्याचं दुसऱ्याला देतं. वस्ताद त्याला आठवड्यात दोन दिवस धावणं सोडायला सांगतात. मुलगा मान हलवतो, पण त्याचा जीव भरतीत अडकलाय. घरी दोन बहिणी आहेत. तो पळणारच.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅट टाकली आहे. तिथं सव्वासातला मुली येतात, नऊजणी, जुन्या हौद्यात त्यांना प्रवेश नाही. मला ते खटकतं आणि मी ते वस्तादांना सांगतो. ते उत्तर देत नाहीत. मुली दोर चढतात. पुरुषांच्या तुलनेत बाईच्या शरीराच्या वरच्या भागाची ताकद कमी भरते, पायांत अंतर बरंच कमी. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांच्या अंगावर चढणारं मांस हे त्याचं मोठं कारण. पण मेहनतीनं ताकद किती टक्क्यांनी वाढते हे मोजलं तर मुली मुलांच्या बरोबरीनं चालतात, आणि मध्यम जोर लावून धरून ठेवायचं काम असेल तर बहुधा त्याच उशिरा दमतात. समोर एक सोळा वर्षांची मुलगी जोडीदारणीला खाली दाबून धरते आहे, मिनिट होऊन जातं, पकड ढिली होत नाही. इथल्या प्रशिक्षक बाई मात्र सगळ्यांत आधी रक्ताची तपासणी करून घेतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर प्राणवायू स्नायूपर्यंत पोचतच नाही. मुलगी दमते आणि लोक म्हणतात हिच्यात दम नाही. गोळ्या आणि जेवण यांनी दोन-तीन महिन्यांत तीच मुलगी धावायला लागते.

हौद्याच्या कडेला आता एक आजोबा आले आहेत. ऐंशीला टेकलेले, कान वस्तादांहून जास्त मोडलेले. धोतराचा काचा मारून खांबाला धरतात आणि बैठका काढतात. वीस. थांबतात, पुन्हा वीस. त्यांच्या बरोबरीचे कितीतरी पैलवान मेहनत सोडून खुराक तसाच ठेवल्यानं साखरेच्या आणि हृदयाच्या आजारात गेले, असं ते स्वतः सांगतात. स्नायू हे शरीरातलं साखर जिरवणारं सर्वांत मोठं ठिकाण. ते ओस पडलं की साखर रक्तातच राहते. पन्नाशीनंतर मांस झडू लागतं, मांसापेक्षाही ताकद वेगानं ओसरते, आणि त्यात चपळ तंतू आधी जातात. म्हणून म्हातारपणी तोल गेला की पाय वेळेवर पुढे पडत नाही. पण उत्तर द्यायची शरीराची शक्ती जात नाही. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियातारोनी यांनी वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली. ज्या नऊजणांनी ते पुरं केलं त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा आकडा वाचल्यापासून मी माझ्या आईला खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावतो, रोज, ती रागावली तरी.

आठच्या सुमाराला थंडाई वाटायला घेतात. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. दगडी कुंडीत घोटा फिरतो आहे. दोघंजण कॅन घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलेत; तिथं म्हशी उभ्या असतात आणि डोळ्यांसमोर धार काढून देतात. म्हशीच्या लिटरभर दुधात पस्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिन मिळतं. मांस बांधायला दिवसाला किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनाचा उपयोग होतो, त्यावर सहसा फारसा फायदा दिसत नाही. म्हणजे ऐंशी किलोच्या पैलवानाला एकशे तीसच्या आसपास. दूध, अंडी, मटण, डाळ यांत ते बसतं. तुपानं ऊर्जा मिळते, मांस बांधलं जात नाही, आणि तूप महाग आहे. शेतमजुरी करून महिन्याला खुराकाचे पैसे पाठवणाऱ्या बापाला हे कुणीतरी सांगायला हवं, की तुपाचा डबा अर्धा करून अंडी वाढव. सुईनं अंग करून घेणारेही गावात आहेत. त्यातली संप्रेरकं मांस वाढवतात हे खरं, पण शरीराचं स्वतःचं उत्पादन बंद पाडतात आणि हृदयाला इजा करतात. वस्तादांनी त्यापायी दोघांना तालमीतून काढलं आहे. त्यांतला एक त्यांचा भाचा होता.

जेवण झालं की पोरं झोपतील. मेहनत संपल्यावर दिवसभर, कधी दोन दिवस, तंतूंमध्ये नवी प्रथिनं रचण्याचं काम चढतं राहतं. तंतूंच्या कडेला निजलेल्या राखीव पेशी, १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी ज्या पहिल्यांदा दाखवल्या, त्या जाग्या होऊन डागडुजीला लागतात. हौद्यात फक्त मागणी नोंदवली जाते. दुपारी सतरंजीवर घोरणारा पैलवान खरोखर काम करत असतो, आणि जो वस्ताद त्याला उठवून बाजारात पाठवतो तो आपलंच नुकसान करतो.

वस्ताद वही उघडून संध्याकाळचं वाटप सांगतात. थोरल्याला दोरावर दहा सेकंदांच्या झेपा, मध्ये पुरती विश्रांती, आणि शेवटी रंकाळा तलावाभोवती एक फेरी. राधानगरीच्या मुलाला जोडीदार घेऊन बैठका, आकडा वाढवायचा नाही. आडव्या पायरीवाल्याला सुट्टी. खांदेवाल्याला पुन्हा करेल, उजव्यानंच.

"आणि मी?" धाकटा विचारतो. येत्या रविवारी त्याची पहिली इनामाची कुस्ती आहे, कागलकडच्या एका यात्रेत. समोरचा गडी थोरल्याच्या जातीचा आहे, पहिल्या मिनिटाला पट काढणारा, हे त्याला कळलंय.

"तू रोज ह्येच्यासंगं लढायचं," वस्ताद थोरल्याकडे बोट करतात, "पैली तीन मिन्टं. त्येचा दम संपला की थांबायचं. पाणी पिऊन पुन्यांदा पैली तीन मिन्टं. मागची सात तुला येत्यात."